चेहरा नसलेली माणसे

अमूर्त चित्र पाहिले की आपण चटकन विचारतो, 'ह्यात माणूस कोठे आहे?' प्रश्न रास्त आहे. परंतु कैनाड, गंजाड ह्या डहाणू तालुक्यातील गावांकडे वळले की तो आपल्यावरच उलटतो. लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने जो माणूस रेखीत, तो म्हणजे टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण आणि वर एक वर्तुळ. नाक नाही, डोळे नाहीत. तरी तारपानाच ओळखू येतोच.

गंजाडच्या कळंबीपाड्यावरील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांची आई ते लहान असतानाच गेली आणि त्यांची वाचा कित्येक वर्षे मिटली. मनातले ते धुळीत रेखून सांगत. त्या दुःखाला चेहरा मिळता तर ते एका मुलाचेच राहिले असते, असे आम्हांस वाटते. (तसबिरींत वाढलेल्या आपणांस हे मानणे जरा जड जाते.)

२०११ साली पद्मश्री लाभलेल्या ह्या चित्रकाराने मासेमारीची जाळीही रंगविली. पांढऱ्या बारीक रेघांनी कॅनव्हास भरून जातो. दुरून नुसती वीण दिसते. इवलीशी माणसे पाहायला जवळ जावे लागते.