अन्यथाज्ञान आणि बालमन

दुसऱ्याचे ज्ञान आपल्या ज्ञानाहून भिन्न असू शकते, हा बोध बालक जन्मतः घेऊन येत नाही. विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना एक कथा सांगितली होती. एक मुलगा चॉकलेट निळ्या कपाटात ठेवून बाहेर जातो. त्याच्या माघारी आई ते हिरव्या कपाटात ठेवते. परतल्यावर तो ते कोठे शोधील? ३ वर्षांची बहुतेक बालके 'हिरव्या' असे सांगतात. स्वतःला जे ठाऊक, ते सर्वांनाच ठाऊक, अशी त्यांची धारणा असते. साधारण ४ ते ६ वर्षांच्या काळात हे उत्तर पालटते.

याच सुमारास बालक सफाईने खोटे बोलू लागते आणि आईबाप धास्तावतात. वस्तुतः ज्याला दुसऱ्याचे अज्ञान दिसते, तोच त्याला फसवू शकतो आणि वाटही तोच दाखवू शकतो. असत्याबद्दल बालकाला अवश्य आवरावे. परंतु त्यामागील बोध हा काही अपराध नव्हे.

तथापि 'तो चुकतो आहे' एवढे कळणे ही पहिलीच पायरी होय. एकच वस्तू पाहून दोघांना दोन गोष्टी वाटाव्यात आणि दोन्हींना आधार असावा, हे उमगण्यास आणखी दोन-तीन वर्षे लागतात. पुष्कळ प्रौढांना तर ते उमगतच नाही! दृष्टान्तपाठातील हत्ती चाचपणारे जात्यंध पाहावेत. पाय खांबासारखा लागला, हा स्पर्श खोटा नव्हता. शेजाऱ्याचा हात अन्यत्र असेल, हा विचार न शिवणे, येथे त्यांचे अन्यथाज्ञान आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील अलोरे येथील बालकाच्या लेखी कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीस उतरते, कोळकेवाडीच्या धरणात येते आणि वाशिष्ठीतून पश्चिम समुद्रास मिळते. कऱ्हाडचे बालक मात्र कोयनेला कृष्णेत मिळताना पाहते. तिचे पाणी पूर्व समुद्राकडे जाते. दोघे एकमेकांस अडाणी ठरवतील. अशा वेळी गुरुजनांनी निवाड्याची घाई करू नये. 'त्याने नदी कोठे उभे राहून पाहिली असेल?' एवढेच विचारावे. उत्तर शोधीत बालक घाटमाथ्यावरील शिवसागर जलाशयापाशी पोहोचते. तेथे त्या पाण्याला दोन वाटा फुटतात.