दुर्मिळ नाणे आणि वारसांचा हिस्सा

गेल्या वर्षी असरच्या नमाजनंतर रहिमतपुरातला एक तरुण मला भेटायला आला. त्याच्या वडिलांचे निधन होऊन तीन महिने झाले होते. लोखंडी पेटीत चांदीचे ६४ रुपये निघाले. काही राणी छाप, बाकीचे राजा छाप. वारस चौघे : आई, तो स्वतः आणि दोन विवाहित बहिणी. सूरह निसामधील आदेशाप्रमाणे मृताच्या पत्नीला आठवा हिस्सा आणि उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे आईचे ८, त्याचे २८ आणि बहिणींचे १४-१४. हिशेब इतका सरळ की त्यात विचारण्यासारखे काही नव्हते.

पण एका रुपयावर १९११ साल होते. मोबाईलवरील एका चित्रफितीत त्याने ऐकले होते की या सालच्या रुपयाला लाखो मिळतात. ते नाणे आपल्या २८ मध्ये घालावे आणि त्याबद्दल बहिणींना हवे तर एकाऐवजी दोन-दोन साधे रुपये द्यावेत, असा त्याचा विचार होता. पुढे तर मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कमही जुन्या नाण्यांत गुंतवावी, असे त्याच्या मनात होते. "चाचा, नाण्याची खरी किंमत बहिणींना सांगितलीच पाहिजे का?" त्याने विचारले.

मी उलट विचारले, "खरी किंमत म्हणजे कोणती?"

या रुपयाची हकीकत मुस्लिम वाचकांनी ऐकण्यासारखी आहे. पंचम जॉर्जच्या पहिल्या रुपयावर बादशहाच्या अंगरख्यावरील साखळीत एक लहानसा हत्ती कोरलेला होता. त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांत नाराजी पसरली, सरकारने नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ मध्ये सोंड स्पष्ट करून नवा ठसा काढला. तरीही सुमारे ७ लाख नाणी तोवर लोकांच्या हातात गेलेली होती. आज संग्राहक त्या रुपयाला इतर रुपयांपेक्षा अधिक दाम देतात हे खरे. पण ७ लाखांतून उरलेले, हातोहात झिजलेले नाणे म्हणजे लाखांचा खजिना नव्हे. त्यातही वडील गेल्यावर आईने मोठ्या मायेने ते सगळे रुपये राखेने घासून लख्ख केले होते. जुन्या नाण्यावरील काळसर थर गेला की जाणकार किंमत उतरवतो, हे त्या माउलीला कोण सांगणार?

तर मग किंमत कोठून येते? इमाम गज़ाली (रह.) यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात दिनार-दिरहमविषयी फार खोल विचार मांडला आहे. आरशाला स्वतःचा रंग नसतो म्हणूनच तो सर्व रंग दाखवतो. तसेच नाण्याला स्वतःचा उपयोग नसतो म्हणूनच ते सर्व वस्तूंचे मोल ठरवू शकते. नाणे हा न्यायाधीश आहे आणि त्याला कोंडून ठेवणारा माणूस लोकांच्या न्यायाधीशालाच तुरुंगात टाकतो, असे त्यांचे म्हणणे आहे. चांदीचा रुपया मात्र आता या पदावरून उतरला आहे. त्याने बाजारात कोणी मीठही देणार नाही. सूरह कहफमध्ये गुहेतील तरुण दीर्घ निद्रेनंतर एकाला चांदीचे नाणे देऊन अन्न आणायला पाठवतात. भाष्यकारांच्या कथनात दुकानदार त्या जुन्या नाण्याकडे पाहून चकित होतो आणि याला कोठे तरी गुप्तधन सापडले, असा संशय घेतो. तरुणाच्या दृष्टीने ती भाकरीची किंमत होती, दुकानदाराच्या दृष्टीने नवलाची वस्तू. नाणे तेच, धातू तोच.

चलनातून गेलेल्या नाण्यात दोनच गोष्टी उरतात : त्याची चांदी आणि कोणाची तरी हौस. चांदी तोलता येते. १९३९ पर्यंतचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात शेकडा ९१.६७ चांदी, १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. हौस मात्र तोलता येत नाही. शेत पीक देते, दुकान नफा देते, भाड्याचे घर भाडे देते. पेटीतील नाणे काहीच देत नाही. आपल्यापेक्षा अधिक पैसे देणारा दुसरा कोणी उद्या येईल, या आशेवरच त्याची सारी कमाई उभी असते. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोठमोठ्या गुंतवणूक संस्थांनी दुर्मिळ नाण्यांत पैसा ओतला. भाव चढत गेले, आणि १९८९ नंतर ते कोसळले. त्या नाण्यांचा ना धातू बदलला होता, ना साल.

घेताना व्यापाऱ्याचा भाव एक, विकताना दुसरा. नक्कल इतकी हुबेहूब की अनुभवी माणूसही फसावा. नाणे 'उत्तम' की 'साधारण' हे ठरवणारा बहुधा तोच, ज्याला ते विकायचे किंवा विकत घ्यायचे आहे. इस्लामी व्यवहारशास्त्रात 'गरर' म्हणजे अनिश्चिततेवर आधारलेला सौदा निषिद्ध आहे. नाणी जमवण्याला मी हराम म्हणत नाही. इतिहासाच्या आवडीने, परवडेल तेवढ्या पैशांत कोणी ती जमवत असेल तर तो निर्दोष छंद आहे, आणि शाळेतल्या मुलांना तो लागला तर मला आनंदच होईल. परंतु मुलीच्या शिक्षणाचा पैसा, जो ठरलेल्या वर्षी हाती यायलाच हवा, तो दुसऱ्याच्या हौशीवर टांगून ठेवणे हा छंद नव्हे.

येथे आपल्याच समाजातील एका गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. नोटेच्या क्रमांकात ७८६ असला की ती भाग्याची आणि मोठ्या किमतीची, असा समज आहे. अक्षरांना अंक देऊन 'बिस्मिल्लाह'ची काढलेली ती बेरीज आहे. कुरआन किंवा हदीसमध्ये तिला काही आधार नाही. शिवाय साधे गणित पाहा. क्रमांकाचे शेवटचे तीन अंक ७८६ असलेली नोट दर हजार नोटांत एक असतेच. हजारात एक मिळणाऱ्या वस्तूला दुर्मिळ म्हणायचे, त्यावर अल्लाहच्या नावाची छाया टाकायची आणि ती भोळ्या माणसाला विकायची, याला व्यापार कसे म्हणावे? रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले होते की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणतेही शुल्क मागत नाही. या तरुणाने मात्र फोनवरच्या एका अनोळखी माणसाला 'नोंदणी शुल्क' म्हणून साडेचार हजार रुपये आधीच पाठवले होते. हे त्याने मला सर्वांत शेवटी, मान खाली घालून सांगितले.

आता बहिणींचा प्रश्न. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. दोष झाकणाऱ्याला त्यांनी आपल्यांतून वगळले. गुण झाकून स्वस्तात घेणारा तरी त्याहून वेगळा कसा? आणि तोही सख्ख्या बहिणींकडून, ज्यांचा हिस्सा माणसाने नव्हे, अल्लाहने ठरवला आहे! बाहेरच्या ग्राहकाला निदान दुसऱ्या दुकानी जाता येते. बहीण भावाच्या शब्दावर डोळे मिटून सही करते.

एकाऐवजी दोन रुपये देण्याची युक्ती तर उदारपणाची दिसते, पण तीही चालणार नाही. हजरत बिलाल (रजि.) यांनी दोन माप हलके खजूर देऊन एक माप चांगले खजूर आणले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला व्याजच म्हटले, हलके खजूर विकावेत आणि आलेल्या पैशांतून चांगले घ्यावेत, असे शिकवले. चांदीच्या बदल्यात चांदी समान वजनानेच आणि हातोहात द्यावी लागते. नाणे जुने आहे, देखणे आहे, म्हणून हा नियम सुटत नाही.

त्याने घरी जाऊन सगळे सांगितले. थोरली बहीण दोन दिवस बोलली नाही. धाकटी हसली म्हणे. मग तो मेहुण्याला घेऊन पुण्याला गेला आणि दोन व्यापाऱ्यांना नाणे दाखवले. दोघांनी सांगितलेल्या किमतींत जवळजवळ दुपटीचा फरक होता. अधिक देणाऱ्याला ते रोखीने विकले, तरी फोनवाल्याला दिलेल्या शुल्काइतकेही पैसे आले नाहीत. ते पैसे आठव्या हिश्शाच्या हिशेबाने चौघांत वाटले. उरलेल्या ६३ रुपयांची वाटणी मोजून जमेना, म्हणून ती वजनाने केली.

वाटणीच्या वेळी आईने एक प्रश्न काढला. जकातीचा निसाब साडेबावन्न तोळे चांदीचा आणि पेटीत होते चौसष्ट तोळे. मग यांच्या हयातीत या रुपयांवरची जकात कोणी दिली होती का? कोणालाच आठवेना. मृत्युपत्रात तसे लिहिलेले नसल्यास हनफी मतानुसार वारसांवर ती बंधनकारक ठरत नाही, स्वखुशीने देता येते, असे मी सांगितले. आई म्हणाली, माझ्या आठातून द्या. किती वर्षांची राहिली, ते रुपये पेटीत केव्हा आले, हे ठरवण्यासाठी आता वडिलांच्या जुन्या वह्या काढल्या आहेत.