मोकळीक कशासाठी?

प्रश्न : फादर, आम्ही वेसाव्याचे. पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न आहे. आदल्या रात्री बॅण्ड लावून विहिरीवर उंबराचं पाणी आणायला निघतो, तेव्हा दारू असतेच. चुलतभावाने ईस्टरपासून पिणं सोडलंय. आई म्हणते, यंदा दारू नको. मी म्हणतो, पिणं हे काही पाप नाही आणि ख्रिस्ताने आपल्याला नियमांतून मोकळं केलंय. एकट्यासाठी सगळ्यांनी का कोरडं राहायचं?

उत्तर : पिणं हेच पाप असतं, तर कानाच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला नसता. मोकळीकही खरी आहे. तिच्यासाठी संत पौल आपल्या पत्रातून गलतीकरांशी कडाकडा भांडला. पण त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तो सांगतो की, ही मोकळीक देहाचे चोचले पुरवायला नाही, प्रेमाने एकमेकांची चाकरी करायला आहे.

करिंथमध्ये हुबेहूब तुमचाच वाद झाला होता. मूर्तीला वाहिलेलं मांस तिथे बाजारात विकलं जाई. जाणकार म्हणत, मूर्तीत काही नसतं, खुशाल खा. पौलाने त्यांचं म्हणणं खोडलं नाही. त्याला काळजी होती ती मूर्तिपूजा नुकतीच सोडलेल्या माणसाची. तुम्हाला खाताना पाहून तो मागे ओढला गेला तर? त्यापेक्षा मी मांसाला कधीच शिवणार नाही, असं पौल म्हणतो. ‘एकट्यासाठी का?’ याचंही उत्तर तिथेच आहे : ख्रिस्त त्या एकट्यासाठीही मेला.

दारू सोडलेला माणूस दुकानातली बाटली पाहून एक वेळ सावरेल. पण विहिरीपाशी बॅण्ड वाजत असताना सख्ख्या माणसाने खांद्यावर हात टाकून ‘घे रे, आज बहिणीचं लग्न आहे’ म्हटलं, की त्याला नाही म्हणणं फार जड जातं. म्हणून आईचं ऐका. मात्र ‘याच्यामुळे दारू बंद’ असा गाजावाजा करू नका. तो बिचारा मेल्याहून मेला होईल. फुगे आणि सरपोटेल भरपूर ठेवा, बॅण्ड तासभर जास्त वाजवा. पाहुणे ऐकणार नसतील, तर निदान तुम्ही स्वतः पिऊ नका आणि रात्रभर त्याच्या सोबत राहा.

प्रश्न : मी पहाटे बंदरावर लिलावाला जाते, मासळी घेऊन बाजारात बसते. घरी आल्यावर सासरे, नवरा, दोन दीर यांचं सगळं मीच बघते. थकले म्हटलं की ऐकवतात, ‘प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तू साधं जेवण वाढायला कुरकुरतेस?’ माझं चुकतं का?

उत्तर : नाही ताई, तुमचं काहीच चुकत नाही. चुकतं त्यांचं, आणि मला राग आला आहे तो प्रभूचं नाव असं वापरल्याचा. योहानाचा तेरावा अध्याय त्यांना वाचायला द्या. पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय हे पुरतं ओळखून प्रभू उठला आणि कमरेला रुमाल बांधला. त्याच्यावर कुणाची सक्ती नव्हती. मग त्याने सगळ्या शिष्यांना तसंच करायला सांगितलं. तिथे पुरुषच बसले होते!

सक्ती आणि सेवा यांतला फरक पंडिता रमाबाईंकडे पाहून कळतो. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर दोनच वर्षांत, त्यांनी काय मानावं हे ठरवू पाहणाऱ्या वडीलधाऱ्या इंग्रज सिस्टरना त्यांनी पत्रांतून ठणकावलं की माझी विवेकबुद्धी मी कुणाच्या हवाली करणार नाही. याच रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलीबाळींना केडगावला घेऊन आल्या. पुढचं सारं आयुष्य त्यांनी अशाच बायकांसाठी वेचलं. ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं, म्हणून त्याला सेवा म्हणायचं. घरच्यांनी वचन सांगून तुमच्याकडून काढून घेतलेल्या कामाला मी ते नाव देणार नाही. वरच्या भावाला मी हक्क सोडायला सांगितलं, कारण हक्क त्याच्या हातात होता. तुमच्या हातात तो कुणी ठेवलाच नाही.

सासरे वयस्कर आहेत, त्यांचं जमेल तेवढं जरूर करा. रात्रीची भांडी मात्र दिरांकडे द्या आणि तुम्ही बाजारातून येण्याआधी नवऱ्याने भात लावावा. त्यांना हे पटत नसेल, तर रविवारी मिस्सेनंतर तिघांना माझ्याकडे पाठवा. तुम्ही नाही आलात तरी चालेल, तेवढाच आराम मिळेल.