ऑर्फियसचे मागे वळून पाहणे : अपराध की करुणा?

सर्पदंशाने मृत्यू पावलेल्या युरिडिसीला ऑर्फियस गायनाच्या बळावर पाताळातून परत मिळवितो. अट एवढीच, की पृथ्वीवर पोहोचेपर्यंत त्याने मागे वळून तिच्याकडे पाहता कामा नये. तो पाहतो आणि तिला पुन्हा गमावतो. या कृतीचे नैतिक स्वरूप कोणते, याचा निर्णय ग्रीक पुराणकथा देत नाही. व्हर्जिल तिला वेडाचा, परंतु क्षमेस पात्र असा झटका मानतो. ओव्हिडला तीत प्रेमच दिसते. या अनिर्णीत जागेत ऑपेराने काय भरले, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

मॉन्टेव्हर्दीच्या 'ऑर्फेओ'त (मान्टुआ, १६०७) ऑर्फियस शंकेने ग्रासला जातो, मागे होणाऱ्या आवाजाने दचकतो आणि वळतो. संहिताकार स्ट्रिज्जोने येथे आत्म्यांच्या वृंदाकडून निवाडा वदवून घेतला आहे : पाताळ जिंकणारा स्वतःच्या विकारांपुढे हरला. १६०९ च्या मुद्रित स्वरलिपीत अपोलो ऑर्फियसला स्वर्गात नेतो, तेव्हाही हाच उपदेश करतो. ही नीती आत्मसंयमाची आहे. तीत अपराध ऑर्फियसचा आणि हानीही जणू त्याचीच. पाताळातून परतताना युरिडिसी बोलते, ती सारे संपल्यावरच.

ग्लूकच्या 'ऑर्फेओ एद एउरिदिचे'मध्ये (व्हिएन्ना, १७६२) हा तोल पूर्णतः बदलतो. संहिताकार काल्झाबिजीच्या रचनेत ऑर्फियसला पाहण्याची बंदी आहेच; शिवाय त्या बंदीचे कारण सांगण्याचीही मनाई आहे. साहजिकच युरिडिसी प्रश्न विचारते : हा नजर का चुकवितो? याचे प्रेम ओसरले काय? अशा उपेक्षेपेक्षा तिला मरण बरे वाटते. मॉन्टेव्हर्दीच्या नायकाला शंका छळते. येथे शंका नायिकेची आहे आणि ती रास्त आहे. नियम पाळणे हीच तिच्यावरील क्रूरता ठरते. ऑर्फियस वळतो तो विकारवश होऊन नव्हे, तर समोरच्या व्यक्तीचे दुःख सहन न होऊन.

मग त्याला निर्दोष म्हणावे काय? तसे म्हणणे सोपे आहे, परंतु पुरेसे नाही. त्याच्या करुणेची किंमत युरिडिसीला प्राण देऊन चुकवावी लागते. ज्याची फलनिष्पत्ती दुसऱ्याने भोगायची, अशी करुणा निव्वळ हेतूच्या शुद्धतेवर समर्थनीय ठरत नाही. मात्र दोष केवळ त्याच्या पदरी टाकणेही अन्यायाचे होईल. जिचे जीवन पणाला लागले, तिलाच त्या अटीचे ज्ञान नाकारले गेले. तिच्या संमतीविना तिच्या मरणाचा करार झाला. अधर्म आहे तो या करारात.

ग्लूकच्या ऑपेराचा सुखान्त या दृष्टीने पुन्हा तपासला पाहिजे. ऑर्फियस आत्महत्येस सिद्ध होताच प्रेमदेवता युरिडिसीला जिवंत करते. दरबारी उत्सवाला साजेसा हा शेवट शोकाची धार बोथट करतो, हा आक्षेप नाट्यदृष्ट्या खरा आहे. परंतु अट सांगणारी देवताच येथे ती मागे घेते. पराभूत होतो तो नियम, माणूस नव्हे. तरीही एक उणीव उरतेच : युरिडिसीला जीवन परत मिळते, परंतु तिच्यापासून सत्य लपविणाऱ्या त्या मौनाचा जाब कोणीच देत नाही.