हलकी गाडी

आपल्या मराठी भाषेने जडपणाची बाजू फार पूर्वीच घेऊन टाकली आहे. मान्यवर माणूस वजनदार असतो, त्याची चालचर्या भारदस्त असते, त्याच्या शब्दाला वजन असते. उलट, ज्याने त्याने सांगितलेले खरे मानणारा तो हलक्या कानाचा, आणि शिवी द्यायचीच झाली तर 'हलकट' हा शब्द तयारच आहे. हलकेपणाच्या वाट्याला काही चांगले आले असेल तर ते एवढेच, की रडून झाल्यावर मन हलके होते आणि बाळाला तेल लावणारीचा हात हलका असावा लागतो.

म्हणून यंदा मी माझी जुनी जड मोटारसायकल देऊन हलकी घेतली तेव्हा शाळेच्या शिक्षक-खोलीत जी कुजबुज झाली, तिचे मला नवल वाटले नाही. एका सहकाऱ्याने नव्या गाडीला प्रदक्षिणा घातली, हँडल हलवून पाहिले, आणि प्रगतिपुस्तकावर शेरा मारावा तशा स्वरात ते म्हणाले, "बरी आहे. पण सर, लांबच्या रस्त्याला हिचा काय भरवसा?"

प्रश्न थट्टेने विचारलेला असला तरी थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. मी लातूरजवळच्या एका खेड्यात मास्तर आहे. माझी आई नांदेडला, गाडीपुऱ्यातल्या जुन्या घरात एकटी राहते. ते घर सोडून ती येत नाही, आणि नोकरी सोडून मला जाता येत नाही. तेव्हा शनिवारी शाळा सुटली की चाकूर, अहमदपूर, लोहा करीत सुमारे १४० किलोमीटर जायचे आणि रविवारी परतायचे, असा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. एस.टी. आहे, आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण खेड्यातून आधी लातूर गाठायचे आणि मग एस.टी. धरायची, म्हणजे दिवेलागण टळून जाते. आईला दिवेलागणीच्या आत मी दारात हवा असतो. तेव्हा माझ्या बाबतीत गाडीचा भरवसा म्हणजे सहलीचा विचार नव्हे. दारात बसलेल्या एका म्हातारीला दिलेला तो शब्द आहे.

जड वस्तू भरवशाची, असे आपल्याला का वाटते? बुलेटचेच उदाहरण घ्या. इंग्लंडातल्या रेडिच गावी रॉयल एनफिल्ड कंपनीने १९३२ साली हे नाव आपल्या मोटारसायकलीला प्रथम दिले. पुढे सरहद्दीवर गस्त घालण्यासाठी आपल्या सरकारला गाड्या हव्या झाल्या, आणि १९५५ पासून मद्रासला तिची जुळणी होऊ लागली. लष्करातून ती फौजदाराकडे आली, फौजदाराकडून पाटलाकडे, आणि पाटलाच्या दारात उभी राहिल्यावर तिच्या भरवशाविषयी शंका घेण्याची कोणाची छाती होणार? तिच्या आजच्या साडेतीनशे सीसीच्या भावंडांचे वजन १८० ते १९५ किलोच्या दरम्यान भरते. माझी आधीची गाडी कोणत्या कंपनीची होती ते सांगत नाही. पण वजनाने ती त्याच कुळातली होती. आताची दोनशे सीसीची आहे आणि १६० किलोच्या आत भरते. फरक म्हणाल तर तीस-पस्तीस किलोंचा, म्हणजे आमच्या पाचवीतल्या एका मुलाएवढा.

जडपणाच्या बाजूने खरे आहे तेवढे खरेच म्हटले पाहिजे. चाकूरच्या पुढे उघड्या माळावर आडवा वारा सुटला, की जड गाडी रस्ता धरून राहते. हा रस्ता आता रुंद झाला आहे, त्यावरून ट्रक भरधाव जातात, आणि शेजारून एखादा ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने हलकी गाडी क्षणभर अंग चोरते. तो क्षण मला आवडत नाही, आणि आवडतो असे सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. पण रस्त्याला धरून राहणे आणि शेवटपर्यंत साथ देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण मात्र पहिलीवरून दुसरीचे अनुमान काढतो.

हे अनुमान किती खोल रुजलेले असते आणि त्याची किंमत काय पडू शकते, हे आमच्या लातूर जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक असेल? १९९३ सालच्या ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे नुकती झोपली होती. मी तेव्हा नांदेडला शाळकरी मुलगा होतो. आमच्या फडताळातली भांडी वाजली आणि आईने आम्हां भावंडांना अंथरुणासकट अंगणात ओढले, एवढेच मला आठवते. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. आणि माणसे मेली ती कशाने? त्यांच्या सर्वांत भरवशाच्या वस्तूने, म्हणजे घराच्या भिंतीने. तिकडची घरे माळवदाची. दोन-अडीच फूट, कोठे त्याहूनही जाड दगडी भिंती, दगडांमध्ये चुन्याऐवजी माती, वर लाकडाचे आढे, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्यात गळू नये म्हणून त्या थरावर वर्षानुवर्षे माती चढवीत जायचे. उन्हाळ्यात असे घर गार राहते, चोर भिंत फोडू शकत नाही, आणि आजोबाने बांधलेल्या भिंतीला टेकून बसताना पाठीला जो आधार वाटतो तो शब्दांत सांगता येत नाही. पण भिंतीच्या आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींत गुंफणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. जमीन हलल्याबरोबर भिंती उकलल्या आणि डोक्यावरची सगळी माती खाली आली. ज्यांच्या नशिबी कुडाची खोपटी होती, ज्यांच्याकडे गावाने कधी मानाने पाहिले नव्हते, त्यांच्यातली पुष्कळ माणसे वाचली. पुढे कित्येक महिने वाड्यातली माणसे पत्र्याच्या शेडात झोपत होती आणि दगडी भिंतीजवळ जायला भीत होती.

किल्लारीचा दाखला मोटारसायकलीला लावणे म्हणजे ओढाताण आहे, हे मला कळते. भिंत उभी असते, गाडी धावते. हलके ते सारे चांगले असाही त्याचा अर्थ नव्हे; नीट बांधलेली दगडी भिंत भूकंपातही टिकू शकते. मला त्यातून एवढेच दिसते की जडपणा आपल्याला धीर देतो, आणि धीर मिळाला की आपण तपासणी थांबवतो. वाड्याच्या भिंतीत गुंफणीचे दगड आहेत की नाहीत, हे पिढ्यान्‌पिढ्या कोणी विचारले नाही.

यंत्रांच्या दुनियेत तर उलटेच पुरावे सापडतात. जपानच्या होंडा कंपनीने १९५८ साली 'सुपर कब' नावाची एक चिमुकली गाडी काढली. दिसायला ती अशी की आमच्याकडच्या पाटलाने तिच्यावर बसायला नकारच दिला असता. त्या गाडीच्या कुळातल्या गाड्यांची संख्या २०१७ साली दहा कोटींच्या वर गेली, आणि निम्म्या आशियाची भाजी, मासळी, टपाल आणि पोरेबाळे तिने वाहिली. लांब कशाला जावे? पहाटे अहमदपूरच्या रस्त्यावर उभे राहा. शंभर सीसीच्या गाडीला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लटकावून गवळी चाललेले दिसतील. ते कधी भरवशावर व्याख्यान देत नाहीत. पण गाडी एक दिवस बंद पडली तर दूध नासते, म्हणून गाडी निवडताना ते आपल्या शिक्षक-खोलीपेक्षा अधिक विचार करतात.

मग मी निर्धास्त झालो का? नाही. चाकूरच्या एका मिस्त्रीने मला नव्या पेचात टाकले. त्याच्या हाताखालून माझी जुनी गाडी अनेकदा गेलेली. नवी पाहून तो म्हणाला, "गुरुजी, गाडी चांगली हाय. पण ही बिघडली तर माझ्याकडं आणू नका." १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर बहुतेक गेलाच. आता किती पेट्रोल सोडायचे ते एक इलेक्ट्रॉनिक मेंदू ठरवतो. तो क्वचितच चुकतो. पण रुसला तर त्याची समजूत घालायला शहरातले यंत्र लागते, पाना आणि पोलिश-पेपर चालत नाही. जुनी गाडी महिन्यातून एकदा कुरकुरायची. पण काय दुखते ते आवाजावरून कळायचे आणि चाकूरच्या मिस्त्रीकडे त्यावर औषध असायचे. नवी वर्ष-वर्ष तोंडातून ब्र काढणार नाही, आणि एके दिवशी बोलेनाशी होईल.

अशी दोन माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरात असतात. दिवाळीला सगळे जमतात तेव्हा पाहा. एक काका येतानाच कुरकुरत येतात: गाडीला गर्दी होती, चहात साखर जास्त झाली, पोरे वाह्यात झाली. पण घरात दुखणे आले की रात्री दोनला ते दवाखान्याच्या बाकावर बसलेले असतात. दुसरा एखादा पुतण्या असतो गोड, वक्तशीर, कधी वर तोंड करून न बोलणारा. तो वाईट असतो असे मुळीच नाही. फक्त त्याच्या मनात काय चालले आहे ते त्याने घर सोडल्याच्या दिवशी आपल्याला कळते. दोघांतला भरवशाचा कोण? मी बायकोला विचारले तर ती म्हणाली, "काका भरवशाचे, पण रोज घरात पुतण्याच बरा." तिच्या उत्तरात माझ्या दहा पानांचा ऐवज आहे, म्हणून मी त्यावर आणखी लिहीत नाही. शिवाय भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, हेही आपल्याच लोकांनी सांगून ठेवले आहे.

हा पेच सोडवायला मला माझ्याच रस्त्याने मदत केली. लोह्याच्या अलीकडे माळेगाव लागते. मार्गशीर्षात तिथे खंडोबाची मोठी जत्रा भरते आणि घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा बाजार होतो. आमच्या दोन जिल्ह्यांच्या नावावर बैलांच्या दोन नामांकित जाती आहेत. नांदेडची लाल कंधारी, अंगाने आटोपशीर, आणि लातूरची देवणी, जरा थोराड. दोन्ही भरवशाच्या. मी तिथे एका शेतकऱ्याला बैल पारखताना बराच वेळ पाहिले. दात पाहिले, खूर पाहिले, शेपटी पिळून पाहिली. बैल उमदा होता, देवणी होता, किंमतही पटत होती. तरी त्याने तो घेतला नाही. का, म्हणून विचारले तर म्हणाला, "बैल चांगला हाय हो, पण माझ्या घरच्या बैलासंगं चालायचा न्हाई. ह्यो पुढं वढंल, त्यो मागं ऱ्हाईल, अन् जू दोघांच्याबी मानंला काचंल."

गाडीलाही घरचा एक बैल असतो, आणि तो म्हणजे मी. जुनी गाडी घेतली तेव्हा मी तिशीत होतो. तिचे वजन आजही तेवढेच आहे. माझ्या पाठीचे तसे नाही. दोन वर्षांपूर्वी आषाढातल्या एका संध्याकाळी माळाकोळीजवळ पाऊस आला म्हणून मी कडेला थांबलो. स्टँडखालची माती ओली होती. गाडी सावकाश, एखाद्या वृद्ध गृहस्थासारखी, आडवी झाली. बिघडले काहीच नव्हते. किक मारली असती तर पहिल्या झटक्याला सुरू झाली असती. पण ती मला उचलेना. तीनदा जोर लावला, कमरेत कळ आली, आणि मी पावसात तिच्या शेजारी उभा राहिलो. वाटेने मेंढरे घेऊन चाललेल्या दोघांनी येऊन ती उभी करून दिली. यंत्राच्या बाजूने पाहिले तर त्या दिवशी गाडी पूर्ण भरवशाची होती. नांदेडच्या दाराच्या बाजूने पाहिले तर नव्हती. पंचवीस वर्षांच्या तरुणाच्या हाती तीच गाडी दिली असती तर दोन्ही बाजूंनी भरवशाची ठरली असती. तेव्हापासून मी गाडीचा भरवसा एकट्या गाडीच्या खाती मांडीत नाही. माझ्या वयाची, पाठीची आणि त्या रस्त्याची मिळून जी बेरीज येते तिला मी भरवसा म्हणतो, आणि ती बेरीज दर काही वर्षांनी नव्याने करावी लागते. नव्या गाडीतला इलेक्ट्रॉनिक मेंदू रुसण्याची शक्यता मी या बेरजेत धरली आहे. तो रुसला तर मी गाडी ढकलीत पुढच्या धाब्यापर्यंत तरी नेऊ शकेन. जुनी मला ढकलता आली नसती.

जुनी गाडी विकताना मात्र प्रश्न पुन्हा समोर येऊन उभा राहिला. घेणारा मुलगा बावीस-तेवीसचा, शेतकऱ्याचा. त्याने एकच विचारले, "सर, भरवशाची हाय का?" हो म्हटले असते तर ते खोटे नव्हते. पण माझ्यापुरत्या नव्हे, त्याच्यापुरत्या भरवशाची साक्ष मी द्यायची होती. मी त्याला तिच्या तिन्ही खोडी सांगितल्या: थंडीत पहिल्या किकेला सुरू होत नाही, साखळी लवकर सैल पडते, आणि मागचा ब्रेक पावसात उशिरा लागतो. त्याने दोन हजार कमी केले. बायको म्हणाली, खोडी सांगायच्याच होत्या तर पैसे घेऊन झाल्यावर सांगायच्या. मुलाने गाडी स्टँडवरून एका हाताने उतरवली. मला त्याचा थोडा हेवा वाटला.

नवी गाडी घेऊन नांदेडला गेलो त्या पहिल्या शनिवारी दिवेलागणीच्या बरेच आधी पोहोचलो. कमर दुखत नव्हती. दाराची कडी वाजवली तरी आई उठेना; दोन-तीनदा हाक मारल्यावर ती गडबडीने आली. "तुझी गाडी वाजंना आता," ती म्हणाली. "आधी गल्लीच्या तोंडाशी आलास की कळायचं. आता तू आलेला कळंना बी." जुन्या गाडीचा दणदणाट हा तिचा भरवसा होता. तो ऐकून ती आधण चढवायची, आणि मी चपला काढेपर्यंत चहा तयार असायचा. वजनाच्या कोणत्याही तक्त्यात ही नोंद नसते.

आता मी लोह्याला थांबून तिला फोन करतो. तिथून घरापर्यंत पाऊण तास लागतो. तिला फोनवर ऐकू कमी येते, म्हणून दोन शब्द मोठ्याने सांगतो, "लोह्याला आलो." ती "बरं" म्हणते, फोन तसाच चालू ठेवते, आणि दाराची कडी काढल्याचा आवाज मला इकडे ऐकू येतो.