शेजारी कोण?

शेजारी कोण, या प्रश्नाला येशूने लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय 10) गोष्टीतूनच उत्तर दिले. जखमी वाटसरूला याजक आणि लेवी टाळून गेले. परक्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, उतारशाळेचा खर्चही भरला. दयेची किंमत इथे रोख मोजलेली आहे.

पंडिता रमाबाईंनीही ती मोजली. 1893 मध्ये विधवांसाठीच्या त्यांच्या शारदा सदन या शाळेवर ख्रिस्ती धर्मांतराचा आरोप झाला. दयेमागे हेतू आहे का, ही शंका अगदीच गैर नव्हती. पण 1896-97च्या दुष्काळात, स्वतः दुष्काळातच आईवडील गमावलेल्या रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या. नुसत्या अन्नाने त्या पुन्हा कोणाच्या तरी दारात उभ्या राहिल्या असत्या. म्हणून केडगावच्या मुक्ती सदनात शिक्षण आले, शेती आली, छापखानाही आला. तिथे खिळे जुळवायला बायकाच बसत.