मंगळावरचं नाव



अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथं एक कृष्णवर्णीय मुलगी वाढत होती. ऑक्टेव्हिया बटलर. वडील लवकर गेले. आई लोकांच्या घरी घरकाम करायची आणि तिथली टाकून दिलेली पुस्तकं लेकीसाठी आणायची.

बारा वर्षांची असताना ऑक्टेव्हियानं टीव्हीवर मंगळावरून आलेल्या एका बाईचा चित्रपट पाहिला. तिला वाटलं, याहून चांगली गोष्ट मी लिहीन! विज्ञानकथांत तेव्हा तिच्यासारख्या मुली जवळजवळ नव्हत्याच. पुढं पोटासाठी तिनं भांडी विसळली, कारखान्यात बटाट्याचे वेफर्स तपासले आणि रात्री दोनला उठून लिहिलं.

१९९३ मध्ये तिची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ ही कादंबरी आली. कथेतला काळ २०२४ पासूनचा. नायिका पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी, लॉरेन. भोवतालचं जग कोसळत असताना ती माणसं जोडते आणि ताऱ्यांमध्ये घर करणाऱ्या मानवजातीचं स्वप्न पाहते.

बटलर २००६ मध्ये गेल्या. २०२१ मध्ये नासाचं ‘पर्सिव्हरन्स’ यान मंगळावर जिथं उतरलं, त्या जागेला त्यांचं नाव दिलं गेलं.

जिला पुस्तकांत स्वतःची जागा सापडली नाही, तिनं ती लिहून निर्माण केली. उद्याचं जग आधी कुणाच्या तरी मनात उगवतं. म्हणून एखादी मुलगी आज अशक्य वाटणारं काही सांगू लागली, तर तिला अडवू नका. हातातलं काम बाजूला ठेवा आणि मन लावून ऐका.